लाल चपलांचा बेडूक

सुगी आली हाय. परत आली हाय असं म्हनायला पायजे, कारन मधली एक सुगी आलीच न्हाई. आज सकाळपासनं आमच्या खळ्यावर उपननी चाललीय, आमचे हे तिवईवर उभं राहून पाटीतनं ज्वारी सोडत्यात, वारं भुसा उडवून नेतं आन् दाना खाली पडतो, त्याचा एकसारखा आवाज येतोय, सर सर सर. फुफाटा नाकात जातोय, कानात जातोय, मानंला खाज सुटलीय, आन् मला त्या खाजंचंबी कौतिक वाटतंय. कडब्याचा गोड वास सुटलाय. माझी लेक बायडी आता चालायला लागलीय, खळ्याच्या कडंकडंनं दुडूदुडू पळती आन् पडती, पर पडली तरी तोंडातला बेडूक काय सोडत न्हाई.

बेडूक खरा न्हाई. प्लाष्टिकचा हाय, मऊ, बोटानं दाबला की दबतो आन् सोडला की परत फुगतो. पाठ काळी, पोट हळदीसारखं पिवळं, आन् दोन्ही बाजूंनी लाल उतरलेलं, जसा कुनी कुकवाचा हात पुसलाय. मागच्या एका पायाला खरवडल्यावानी खुना हायेत, त्या दातांच्या हायेत, बायडीच्या न्हाईत, माशाच्या. ह्या बेडकाच्या पोटात एकदा गळ हुता. तो कवाच काढून टाकलाय, आत्याबाईंनी माझ्यासमोर काढला, तरी मी रोज सकाळी बेडकाच्या पोटात बोट घालून चाचपून बघते आन् मंगच पोरीच्या हातात देते. आत्याबाई म्हंजी माझ्या सासूबाई. त्या बघत्यात आन् हसत्यात.

"कौसल्ये, रातीत नवा गळ उगवत न्हाई गं त्यात."

मला म्हाईत हाय न्हाई उगवत. पर मी बघते.

मला लई भ्या वाटतं, पहिल्यापासनं. चवथीत मास्तर फळ्याकडं बोलवायचे तवा माझे हात गार पडायचे, मंग पाचवीला मी गेलेच न्हाई. लग्न होऊन आले तर नदीचं भ्या, कारन आमचं माहेर पाथर्डीकडं डोंगरात, तिकडं पानी घागरीत बघायचं, एवढं पसरलेलं म्या कवा बघितलं नव्हतं. बायडी झाली आन् मंग तर काय, तिच्या टाळूचं भ्या, ती मऊ जागा उडताना दिसायची. ती शिंकली तरी भ्या, न्हाई शिंकली तरी भ्या. आन् समद्यात जास्त आत्याबाईंचं. त्या कवा वरडल्या न्हाईत माझ्यावर. त्या नुसत्या बघायच्या. मामंजी वारल्यापासनं त्यांनीच घर वढलं, त्यांची नजर लई कामाची नजर हाय, दानं निवडल्यागत मानूस निवडती, आन् मला वाटायचं मी खडा हाय.

ज्या सालाला सुगी आली न्हाई त्या सालाची गोष्ट मनात आली की मला आधी आवाज न्हाईत ते आठवतं. पेरलेलं उगवलंच न्हाई. माघात सगळं गाव काढनीला जातं, त्या माघात सगळं गाव घरापुढं बसलेलं हुतं. खळी सारवली न्हाईत. बैलांच्या गळ्यातल्या घाटी वाजल्या न्हाईत. चिमन्याबी कुठं तरी गेल्त्या, दानाच न्हाई तर त्या तरी कशाला राहत्यात. आन् त्याच माघात बायडी झाली. सगळ्या गावात तेवढा एक आवाज, माझ्या पोरीच्या रडन्याचा.

आमचं गाव शेवगाव तालुक्यात गंगेच्या काठाला हाय. गंगा म्हंजी गोदावरी, इथं तिला गंगाच म्हनत्यात. तिची धार तुटली हुती. खडकाखडकातनं डोह तेवढे उरले हुते, माळ तुटून मनी सांडल्यागत, एक इथं, एक तिथं. आमचे हे पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेल्ते, तिकडंच राहायचे, बाजारच्या दिवशी यायचे, हाताच्या भेगात पांढरी भुकटी बसलेली. गाय घोडेगावच्या बाजारात गेली. घरात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, ती थापताना तुटायची आन् खाताना घशाला लागायची.

वैशाख लागला आन् माझं दूध आटत चाललं.

पोर वढायची, वढायची, तोंड बाजूला करून रडायची, परत वढायची. शेजारच्या गयाबाईंची शेळी हुती, त्या वाटीभर दूध द्यायच्या, पानी घालून पाजलं तरी बायडी ते ओकून टाकायची. पहिल्यांदा ती लई रडायची. मंग रडनं कमी झालं. लोकं म्हनाली, शांत झाली गं पोर, गुनाची हाय. पर मी तर तिच्या रडन्यापेक्षा त्या शांतपनाला जास्त भ्याले. तिला मांडीवर घेतली की वाटायचं, कालच्यापेक्षा हलकी लागतीय. कुनाला सांगायचं. मी कोपऱ्यात बसून पदराखाली तिचे पाय चोळत राहायची.

एक दिवस आत्याबाई आल्या, खाली बसल्या, पोरीच्या टाळूवर तळहात ठिवला. ती जागा खाली गेल्ती. त्यांनी हात तसाच ठिवला थोडा वेळ. मंग म्हनल्या, "मरळ पायजे."

"कशाला, आत्याबाई?"

"तुला. रस्सा करून. बाळंतिनीला दूध उतरायला मरळीसारखं दुसरं काय न्हाई. माझ्या आयनं मला खाऊ घातलीय."

"आमच्यात मासळी खात न्हाईत."

"खात न्हाईत का मिळत न्हाई? तुमच्या डोंगरात प्यायला पानी न्हाई, मासळी काय बाभळीला लागती व्हय?"

त्या उठल्या, दारात गेल्या आन् पाठमोऱ्या म्हनल्या, "पोर माझीबी हाय."

मरळ म्हंजी काय ते मला तवा म्हाईत नव्हतं. काळा लांबडा मासा, डोकं सापावानी. भोयांनी डोहाडोहात जाळी फिरवून बाकीची मासळी कवाच काढून नेल्ती, पर मरळ जाळ्यात येत न्हाई, जाळं आलं की गाळात शिरती. ती फक्त गळाला येती, आन् गळाला बेडूक लावला तरच. पान्याखालनं मधूनच श्वास घ्यायला वर येती, टबुक करून आवाज हुतो. आत्याबाईंचं माहेर दोन नद्यांच्या संगमावर, त्यांचे वडील गळ टाकायचे, त्यामुळं त्यांचा कान तयार. त्या सांजंला पिंपळाखालच्या डोहावर नुसत्या बसून आल्या आन् म्हनल्या, "हाय. मोठी हाय. म्या ऐकली."

पर बेडूक कुठनं आनायचा? बेडूक गावात राहिलाच नव्हता. भुईला भेगा पडल्या, त्यात खोल गेले का मेले कुनास ठाऊक. आत्याबाईंनी रांजनाखालची जागा उकरली, मोरीची उकरली, गांडूळसुदिक निघालं न्हाई, पहार दगडावर आपटल्यागत टन्न वाजली. कनकीचा गोळा लावून बघितला, मरळ त्याच्याकडं बघंना. दोन दिवस गेले. मंग त्यांनी ह्यांचे तुटके काळे प्लाष्टिकचे बूट उकिरड्यातनं काढून आनले, धुतले, उनात वाळवले आन् इळीवर भाजीवानी बारीक चिरले. मला वाटलं, उनानं डोकं फिरलं का काय ह्यांचं.

त्यांचे वडील जाळ्याला लावायला शिश्याचे मनी घरीच वतायचे. मातीचा दोन फाळक्यांचा साचा, एकावर एक बसवायचा, वरनं बारीक भोक, त्यातनं वितळलेलं शिसं सोडायचं. लहानपनी बघितलेलं ते आत्याबाईंच्या हातात तसंच राहिलं हुतं. फक्त शिश्याच्या जागी बूट, आन् मन्याच्या जागी बेडूक.

डोहाच्या तळाची चिकनमाती आनली. आधी मिलोच्या पिठाचा बेडूक केला, नुसत्या आठवनीनं, कारन बघायला खरा नव्हता. मी बघत बसले. पोळ्याला आपन मातीचे बैल करतो, तसेच हात चालले हुते, पर ह्याच्यात लई बारकाई. मागचे पाय दुमडलेले, आता उडी मारतोय असे. डोळ्यांना दोन ज्वारीचे दाने. मंग म्हनल्या, "पोट आनिक फुगीर पायजे, व्हय ना?" मला इचारत हुत्या. मला कुनी कवा काय इचारलं नव्हतं. म्या घाबरत म्हनलं, "व्हय, आन् गळा बी." त्यांनी गळा फुगवला. त्या पिठाच्या बेडकावर मातीचं एक फाळकं दाबलं, वर राख भुरभुरली, दुसरं दाबलं, कडंला दोन खाचा पाडल्या, म्हंजी परत बसवताना इकडंतिकडं सरकायला नको. सावलीत वाळवून गोवऱ्यांच्या आरात भाजला. फाळकी सोडवली तर पीठ जळून गेलेलं, आत बेडकाएवढी पोकळी. मला ती पोकळी बघून काय तरीच झालं, जसा बेडूक हुता आन् आत्ताच उठून गेला.

वतायचं काम घरामागं, वाऱ्याच्या उलट्या बाजूला. "तू लांब बस, धूर पोरीला लागंल," त्या म्हनायच्या, आन् मी दारातनं मान लांब करून बघायची. फुटक्या लोखंडी कढईत करडईचं तेल. घरात उरलेलं शेवटचं तेल हुतं ते, त्या सालाला आमी भाजीला पान्याचीच फोडनी देत हुतो. त्यात बुटाचे तुकडे. आच लई कमी, नुसती गोवरीची धग, कारन जास्त झाली की प्लाष्टिक जळतं, डोळ्यांतनं पानी काढतं आन् कोळसा हुतो. काठीनं हलवत राहायचं. हळूहळू तुकड्यांच्या कडा मोडायच्या, मंग ते काकवीसारखं गुळगुळीत व्हायचं, तार धरायची. साचा आधी आरावर गरम करायचा, न्हाईतर बारीक पायापातुर रस पोचतच न्हाई, बेडूक लंगडा निघतो. रस सोडायचा, साचा दोन्ही हातांनी दाबून धरायचा, आन् घागरीतल्या ओंजळभर पान्यात बुडवायचा. सुंईं करून वाफ. ते पानी परत वापरायचं, टाकायचं न्हाई.

पहिला निघाला तो दगडावानी टनक. आत्याबाईंनी तो अंगठ्यानं दाबला, "हा बूटच राहिला." दुसऱ्यात तेल जास्त झालं, हातात धरला तर पाय गळून पडला. "हा आजारी हाय." त्या प्रत्येकाला असं काय तरी म्हनायच्या, आन् मला हसायला यायचं, पोर मांडीवर एवढी मलूल आन् मला हसायला यायचं, मंग हसन्याचंच भ्या वाटायचं. त्याच्या म्होरला मात्र असा निघाला की बोटावर घेतला तर मागचे पाय खरंच हालले. पर नुसता काळा, गढूळ पान्यात दिसंना. मंग गयाबाईंच्या पांढऱ्या चपलेचे तुकडे हळद घालून वितळवले. खालच्या फाळक्यात आधी पिवळं पोट सोडायचं, साय धरल्यागत झालं की वरचं फाळकं बसवून काळी पाठ वतायची. दोन रंग एका अंगात, मधी शिवन न्हाई, जोड न्हाई. मी तो उनात धरून बघत राहिले. माझ्या सासूनं उकिरड्यातनं हे काढलं, असं मनात आलं आन् माझं मला नवल वाटलं, की मी ह्यांना भिते तरी का.

पर मरळ त्यालाबी येईना. रोज सकाळी आत्याबाई डोहावर जायच्या आन् मोकळ्या हातानं यायच्या. दारात आल्या की आधी पोरीकडं बघायच्या, मंग पाय धुवायच्या. एक दिवस म्हनल्या, "लाल पायजे. माझे वडील बेडकाच्या गळ्याला लाल चिंधी बांधायचे."

लाल प्लाष्टिक घरात एकच हुतं. माझ्या लग्नातल्या चपला. आमच्या दादांनी शेवगावच्या बाजारातनं घेतल्या हुत्या, वरती लाल फूल, मी त्या पायात घातल्याच न्हाईत, झिजतील म्हनून, फडक्यात बांधून पेटीत तळाला ठिवल्या हुत्या. आत्याबाईंनी मागितल्या न्हाईत. त्यांना म्हाईत हुतं, मला म्हाईत हुतं. मी पेटी उघडली, गाठोडं सोडलं आन् चपला इळीशेजारी नेऊन ठिवल्या. त्यांनी एक उचलली, फुलावर बोट फिरवलं. "दोन्ही नगं, एक बास." मी म्हनलं, "एक चप्पल घालून मी कुठं जाऊ, आत्याबाई? दोन्ही घ्या." तवा त्या पहिल्यांदा माझ्याकडं बघून मोठ्यानं हसल्या.

चपलांचे निव्वळ लाल बेडूक वतले, ते आन् आधीचे काळे-पिवळे समदे आत्याबाईंनी तुपाच्या एका रिकाम्या डब्यात ठिवले. डबा राहिला वळचनीला, वैशाखाचं ऊन त्याच्यावर दिसभर. सांजंला झाकन उघडलं तर बेडूक एकमेकांना चिकटलेले, अंगाला घाम आल्यावानी तेल सुटलेलं, आन् लाल रंग उतरून शेजारच्यांच्या अंगात शिरलेला. काळ्या-पिवळ्याच्या कुशीत लाल, मधी केशरी. आमच्या घरात उपासाला बनवलेलं आन् रोजचं बाया कवा एका डब्यात ठिवनार न्हाईत, पर बेडकाला कुठला सोवळा डबा. मला वाटलं आता आत्याबाई कपाळावर हात मारत्यात. त्यांनी दोन बेडूक हळूच सोडवले, तळहातावर घेतले, उनाकडं धरले, लई वेळ बघितलं.

"असा रंग मला वतता आला नसता," त्या म्हनल्या.

त्याच आठवड्यात गावानं धोंडी काढायची ठरवली. पाऊस यावा म्हनून लिंबाचा पाला बांधून, मुसळाला मधी बेडूक बांधून बाया दारोदार फिरत्यात, प्रत्येक घरचं पानी त्याच्यावर पडतं, आन् शेवटाला बेडूक पान्यात सोडून देत्यात. पर बेडूक कुठाय? गयाबाई चार बायांना घेऊन आमच्या दारात आल्या.

"आत्याबाई, तुमच्याकडं बेडूक हायेत म्हनं."

"हायेत. बुटाचे हायेत."

"देवाला काय कळतंय, रंग तर बरा दिसतोय."

"देवाला कळत न्हाई तर पाऊस तरी कशाला मागता गं त्याच्याकडं?"

बाया हसायला लागल्या. आत्याबाई आत गेल्या. त्या दोघातला एक बेडूक त्यांनी आनून दिला. एवढा चांगला उतरलेला, आन् दिला. "गाव मागतंय, न्हाई कसं म्हनू," एवढंच म्हनल्या. आमच्या दारात धोंडी आली तवा त्यांनी घागर वाकडी करून वाटीभर पानी घातलं. समद्यांनी तेवढंच घातलं. बेडूक भिजलासुदिक न्हाई नीट.

मीबी गेले डोहापातुर, पोरीला छातीशी बांधून, खडकाच्या वर लांब उभी राहिले. गयाबाईंनी मुसळाचा दोरा सोडला, हात जोडले आन् बेडूक पिंपळाखाली पान्यात टाकला. तो तरंगला, हलला. तेवढ्यात पानी फुटलं. खालनं कायतरी काळं, माझ्या मांडीएवढं, वर आलं, बेडूक तोंडात धरून उसळलं आन् धप्पकन खाली गेलं. बाया किंचाळल्या.

"देवानं घेतला गं," गयाबाई रडत म्हनल्या.

"व्हय, घेतला," आत्याबाई म्हनल्या. त्यांची नजर पान्यावर, त्या जागेवर, खिळा मारल्यावानी. परत येताना त्या माझ्या बाजूनं चालत हुत्या, हळूच म्हनल्या, "देवाची शेपटी बघितलीस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निघाल्या, तवा मी म्हनलं मीबी येते. का म्हनलं म्हाईत न्हाई. पान्याचं भ्या तर तसंच हुतं. त्यांनी लुगड्याचा काष्टा मारला, त्या बेडकाचा जोडीदार गळाला लावला, पोटातनं घालून टोक पाठीत लपवलं, आन् काठीला बांधलेल्या नायलानच्या दोरीनं पिंपळाखाली टाकला. हाताला एक बारीक झटका द्यायच्या, बेडूक पान्यावर एक उडी मारायचा. परत झटका, परत उडी. बूट हुता तो. चप्पल हुती. माझ्या ज्या चपला कवा चालल्या न्हाईत त्या पान्यावर उड्या मारत हुत्या. मी बघत हुते आन् बायडी माझ्या छातीशी कोरड्या तोंडानं चुळबुळ करत हुती.

मरळ आली. काठी वाकली, आत्याबाई गुडघाभर गाळात गेल्या, दोरी मनगटाला गुंडाळली, मनगटातनं रगत आलं, पर त्यांनी सोडली न्हाई. मासा खडकावर आला तवा तो साप हाय असं वाटून मी मागं सरकले. त्यांनी दगड उचलला मारायला, आन् तसाच हातात धरून थांबल्या.

पान्यात, जिथनं मासा वढला तिथं, लाल ठिपके उसळत हुते. लई बारीक. शेकड्यानं असतील, उकळत्या पान्यावानी वर खाली. मरळीची पिल्लं. लहानपनी ती लाल असत्यात, केशरी लाल, आमच्या बेडकाला जो रंग डब्यात लागला हुता अगदी तोच. आत्याबाई माझ्याकडं न बघता बोलल्या.

"खायला न्हाई आली ही. पोरांजवळ कोन आलं म्हनून आली."

मी बायडीला घट्ट धरलं. मला बोलायचं हुतं, सोडा म्हनायचं हुतं का मारा म्हनायचं हुतं, ते मला आजबी सांगता येत न्हाई. त्या वाट बघत राहिल्या. मंग पिल्लांच्या शेजारी पानी हललं, दुसरं काळं डोकं वर आलं, श्वास घेतला, टबुक, आन् त्या लाल थव्याच्या खाली जाऊन थांबलं.

"दोघं राखत्यात पोरं," आत्याबाई म्हनल्या. "एक नेते. एक ठिवते." आन् त्यांनी दगड मारला.

रस्सा त्यांनीच केला, हळद, मीठ, लसून, तेल तर नव्हतंच. माझ्यापुढं वाटी ठिवली आन् समोर बसल्या. मला वास सोसंना. त्या नुसत्या बघत बसल्या, तीच कामाची नजर. पर त्यांचं मनगट सुजलेलं, चिंधी बांधलेली, आन् त्या हातानं त्या पोरीला वारा घालत हुत्या. मी वाटी तोंडाला लावली. डोळे मिटून पिले. दुसऱ्या दिवशी पिले, तिसऱ्या दिवशी वाळवलेले तुकडे उकळून पिले. आन् मंग एक सकाळी बायडी वढत हुती आन् एकाएकी तिच्या घशात गटक असा आवाज झाला. परत झाला. तिच्या ओठाच्या कडंनं पांढरा थेंब उतरला. मी हाक मारायला तोंड उघडलं. आत्याबाई दारातनंच म्हनल्या, "ऐकलं म्या." त्यांचा कान तयार, म्हनलं न्हाई का.

रस्स्यानं आलं का दुसऱ्या कशानं, मला म्हाईत न्हाई. मला तेवढं म्हाईत हाय की त्या दिवसापासनं मी त्यांना भ्याले न्हाई.

पाऊस पडून नदीला धार लागंपातुर त्या रोज डोहावर जाऊन बसायच्या. गळ न घेता. कुनी गळ घेऊन आलं की म्हनायच्या, "इथं टाकायचा न्हाई. एकटी हाय ती." कोन एकटी, ते लोकांना कळायचं न्हाई. म्हातारी चळली, असं मागनं बोलायचे. पिल्लांचा लाल रंग जाऊन ती काळी झाली, पांगली, तवा त्यांनी जायचं सोडलं. आन् उरलेले बेडूक परत वितळवून रांजनाच्या गळक्या भोकाला बोळा केला. एक तेवढा ठिवला, त्याचा गळ काढून, बायडीला.

साचा मोडला न्हाई. देवळीत ठिवलाय. एका फाळक्यात हळद असती, एकात कुकू. आत्याबाई स्वतः लावत न्हाईत, पर दारात कुनी सवाशीन आली की मला म्हनत्यात, "बेडूक आन गं." नवी बाई चकित हुती. साच्यातल्या बेडकाच्या मागच्या पायाच्या खाचंत कुकू बसलंय, तिथं बोट पोचत न्हाई, ते कायम लालच राहतं.

आता ऊन उतरलंय. उपननी झाली, खळ्याच्या मधी रास लागलीय, पिवळसर पांढरी, उनात मोत्यावानी. राशीची पूजा करायची म्हनून आत्याबाईंनी मला घरी पिटाळलं, मी दोन्ही फाळकी घेऊन पळत आले, वाटंत कुकू सांडंल म्हनून पदर धरून. ह्यांनी नारळ फोडला. मी राशीला हळद लावली, कुकू लावलं. तेवढ्यात बायडी मधी घुसली, तोंडातला बेडूक काढला, लाळ गळत हुती, आन् तो राशीच्या वर नेऊन ठिवला. स्वतःहून. ह्यांनी हात पुढं केला उचलायला.

"राहू दे," आत्याबाई म्हनल्या. "त्याचा मान हाय."

बेडूक राशीवर बसला. काळी पाठ, पिवळं पोट, माझ्या चपलांचा लाल रंग. आमी समदे बघत उभे राहिलो. मंग बायडीच हात पसरून रडायला लागली, मोठ्यानं, गळा काढून, सगळ्या खळ्यावर ऐकू जाईल असं. मला ते रडनं लई गोड लागलं. म्या बेडूक उचलला, दाने झटकले, आन् बोट घालून न बघता तसाच तिच्या हातात दिला.